नव्या भाताची गाडी

प्रेरणा पिकअपच्या पोटाखाली शिरली होती. तळेगावच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि ही बया ओढणी कमरेला खोचून, खाली पोतं अंथरून, पाठीवर पडून मोबाईलच्या उजेडात चासी बघत होती. बाहेर तिचे नुसते पाय दिसत होते. दलाल बाजूला उभा राहून घाम पुसत होता.

"तिथं नाही… जरा मागं बघा. मागच्या चाकाच्या वर."

आवाज अनोळखी होता. प्रेरणानं उजेड मागं नेला. चासीला पट्टी मारून वेल्डिंग केलेलं, आणि वरून काळा रंग फासलेला. म्हणजे ही गाडी कधीतरी चांगली उलटली होती, आणि दलाल मघापासून देवाची शपथ घेऊन सांगत होता की हिला साधा ओरखडासुद्धा नाही!

ती सरपटत बाहेर आली. समोर एक उंच, सावळा मुलगा उभा होता. डोळे खाली, जसा काही गुन्हा केलाय.

"तुम्ही पण दलाल का?"

"नाही. मी विकायला आलोय. ती निळी माझी."

"अस्सं! म्हणजे दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवायची आणि आपली खपवायची."

"नावं कुठं ठेवली? बोट दाखवलं फक्त." तो किंचित हसला. "आणि माझी तुम्ही घेणारच नाही."

"का? तिला किती ठिकाणी वेल्डिंग आहे?"

"एकाही ठिकाणी नाही. तिच्यात काही खोट नाही. तरी कुणी घेत नाही." मग त्यानं स्वतःच्या गालाला बोट लावलं. "इथं… ऑइल लागलंय."

प्रेरणानं गाल पुसला.

"दुसऱ्या."

तिनं दुसरा पुसला आणि ऑइल कानापर्यंत पसरलं. तो हसू दाबायला दुसरीकडं बघायला लागला. प्रेरणाला राग यायला हवा होता. आला नाही, त्याचाच तिला राग आला.

आता ही पोरगी गाड्यांखाली का शिरत होती, ते सांगायला हवं. कार्ल्याच्या सीतारामकडं भाताचं मळणी यंत्र होतं, दोन चाकांचं, मागं बांधून ओढत न्यायचं. दिवाळी सरली की तो ट्रॅक्टरला ते जोडायचा आणि मावळातल्या खळ्याखळ्यावर फिरायचा. सीताराम कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. ट्रॅक्टर विकला गेला, यंत्र राहिलं, आणि बापाच्या मागं प्रेरणानं ते चालू ठेवलं. पण भाड्याचा ट्रॅक्टर म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीचा कारभार. गेल्या हंगामात ट्रॅक्टरवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला, मध्येच अवकाळी कोसळला आणि लोकांचं कापलेलं भात खाचरात भिजलं. लोकांनी तिला तोंडावर सुनावलं, "पोरी, पुढच्या साली सोताची गाडी असंल तरच ये. न्हाईतर आमी दुसरा बघतो." यंत्र ओढेल, पोती वाहील, आणि हंगाम सरला की पवना नदीकडच्या फुलांचे खोके तळेगावला पोचवेल अशी एक गाडी. ती मिळाली नाही तर बापाचं यंत्र पत्र्याखाली गंजणार, एवढं स्पष्ट होतं.

तिच्या आईची, रतनची, अट वेगळीच होती. "गाडी कुटली बी घे. पण लाभाची घे. नवं भात तिच्यातनं लोकांच्या घरात जायचं असतंय. अशुभाची गाडी मी दारात उभी करू देणार न्हाई."

प्रेरणानं निळ्या गाडीचं इंजिन चालू केलं, ऑइलचं झाकण उघडून वर हात धरला. धूर नाही. स्प्रिंगचे पाटे बघितले. जादा पाटा टाकलेला, म्हणजे ओझ्याची सवय आहे. मागच्या हौद्याचा पत्रा ठणठणीत, फाळका, म्हणजे मागचं झाकण, एका हातानं लागत होता. मागं ओढायचा, टोचनाचा हुक चांगला जाड, चासीला धरून बसवलेला. खरंच काही खोट नव्हती.

"यंत्र बांधून चढावर बघितल्याशिवाय मी घेत नाही," ती म्हणाली.

"मग रविवारी कार्ल्याला घेऊन येतो. मी इंदुरीचा, सत्यम." थोडं थांबून तो म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचं होतं… पण आधी चढाव बघा."

रविवारी त्यांनी हौद्यात भाताच्या कोंड्याची पोती भरली, मागं यंत्र बांधलं आणि एकवीरेच्या पायथ्याकडं निघाले. स्टिअरिंगवर प्रेरणा, शेजारी सत्यम. रस्ता चढू लागला तशी तिनं मध्यावर, अगदी उभ्या वळणात, गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"हे काय?"

"इथनं उठली पाहिजे. मागं न सरकता."

तिनं चावी फिरवली, क्लच अर्ध्यावर आणला, हँडब्रेक सोडला. गाडी थरथरली, यंत्रानं मागं ओढ दिली… आणि गाडी बोटभरही मागं न जाता पुढं निघाली. प्रेरणानं शेजारी बघितलं.

"तुमचा पाय का दाबून धरलाय? तिकडं ब्रेक नाहीये."

सत्यमनं पाय उचलला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तुम्ही असं चालवता, मग शेजारी बसणाऱ्यानं काय करायचं?"

"देवाचं नाव घ्यायचं."

"घेतलं. तुमचंच तोंडात येत होतं."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं काय बोललो ते. प्रेरणानं गिअर बदलला. वर सपाटीला गाडी लागली तेव्हा खाली पिवळी झालेली खाचरं दिसत होती, वारा आला की सगळं शिवार एका बाजूला झुकत होतं. इंद्रायणी भाताचा तो वास… मावळात जन्मलेल्याला तो कुठंही ओळखू येतो. सत्यम खाली उतरला आणि हौद्याला टेकून उभा राहिला.

"कोरोनात ह्या गाडीतनं मी माणसं नेली," तो म्हणाला. "मेलेली."

प्रेरणा गाडीतून उतरून त्याच्याजवळ आली.

"गाड्या मिळत नव्हत्या. घरची माणसंच हात लावायला भीत होती, आणि त्यांची तरी काय चूक… मी आणि माझा मित्र सोहेल, दोघं होतो. मेकॅनिक आहे तो तळेगावात. इंदुरी, वराळे, नवलाख उंबरे, कुठून कुठून फोन यायचे. स्मशानात नेली, कबरस्तानात नेली. किती ते मोजलं नाही. मोजवलं नाही." त्यानं पत्र्यावरून हात फिरवला. "आता दारात उभी आहे. मी कंपनीत कामाला लागलो. आई म्हणते, ही दारात आहे तोवर माझं लग्न जमायचं नाही. गाडी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो. मग ते चहा पितात आणि जातात."

इंदुरीनं सत्यमचा सत्कार केला होता बरं का. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढले. आणि पोरीच्या हळदीचं सामान न्यायची वेळ आली तेव्हा दुसऱ्याला फोन केला. कुणी एका शब्दानं वाईट बोललं नाही. अहो, बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

प्रेरणाला तिचा बाप आठवला. लोणावळ्याच्या दवाखान्यातून त्याला परस्पर नेलं होतं, प्लास्टिकात गुंडाळून. ती आणि आई गेटाबाहेर उभ्या होत्या. उचलणाऱ्यांचे चेहरे झाकलेले, त्यामुळं कोणी नेलं तेही कळलं नाही.

"घेते मी गाडी," ती म्हणाली.

सत्यमनं चमकून बघितलं. इतकी वर्षं दाबून धरलेलं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावरून उतरलं. आणि तिथंच प्रेरणाच्या तोंडून पुढचं वाक्य गेलं, "पण… हे कुणाला सांगायचं नाही. हंगाम होईपर्यंत तरी. लोक नवं भात ठेवायचे नाहीत हिच्यात. आई तर दारात येऊ द्यायची नाही."

त्यानं खाली शिवाराकडं बघितलं. आजवर त्यानं ही गोष्ट कुणापासून लपवली नव्हती. पण समोर ती उभी होती, वाऱ्यानं ओढणी उडत होती, आणि डोळ्यांत पाणी होतं.

"तुम्ही म्हणता म्हणून," तो म्हणाला.

सोहेलच्या गॅरेजात निळ्या गाडीला पांढरा रंग बसला. रंग मारता मारता सोहेल एवढंच पुटपुटला, "निळीच बरी होती."

दिवाळी सरली. पहाटे दव पडायला लागलं, खाचरात कापणी सुरू झाली, आणि पांढरी पिकअप मागं यंत्र घेऊन कार्ल्यातून खळ्याखळ्यावर जायला लागली. सत्यमचं येणं मात्र थांबलं नाही. "गाडीची तुम्हाला सवय होईपर्यंत," हे कारण. पहिली पाळी सुटली की तो कंपनीतून थेट यायचा, सुट्टीला सकाळीच हजर. सवय व्हायला चार फेऱ्यासुद्धा लागल्या नसतील, पण दोघांपैकी कुणी तसं म्हटलं नाही.

"क्लचवर पाय ठेवून बसायची सवय वाईट आहे तुमची," तो म्हणायचा.

"वाईट सवयी लय आहेत माझ्या. घेताना बघायचं होतं."

"मी कुठं घेतलंय काही? घेतली तुम्ही."

"मग रोज कशाला येता?"

तो पेंढा उचलायला लागायचा. यंत्र धडधडत असायचं, भुसा उडायचा, दोघांच्या भुवया पिवळ्या व्हायच्या. एकदा तिच्या डोळ्यात कुसळ गेलं. त्यानं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्यापुढं धरलं. तिनं त्याच्या ओंजळीत डोळा बुडवला आणि उघडझाप केली. कुसळ निघालं, तरी तिनं मान लगेच उचलली नाही. खळ्यावरच्या बायका एकमेकींकडं बघून खाकरल्या. रतनच्या कानावर हे गेलंच. ती एवढंच म्हणाली, "पोरगा कामाचा दिसतोय." प्रेरणा पाठ वळवून हसली, आणि हसता हसताच तिच्या मनात आलं, आईला गाडीचं कळलं तर?

नथूआबांचं खळं हे त्या बाजूचं सगळ्यात मोठं. आबांचं काम मिळालं की मागं दहा जणांचं मिळतं. मळणी सुरू झाली, पहिलं पोतं भरलं. आबांच्या सुनेनं पोत्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पोतं गाडीत चढवायला सत्यम वाकला, तेवढ्यात आबांकडं आलेले इंदुरीचे पाहुणे, हनुमंतभाऊ, पुढं आले.

"आरं, तू आमच्या इंदुरीचा सत्यम न्हवं का?" त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचा हुक बघितला, हौद्यात वाकून बघितलं. आतून पत्रा अजून निळाच होता. "आनि ही… ती मयताची गाडी तर न्हाई?"

यंत्र चालू होतं, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. आबांच्या सुनेचा हात हळदीच्या वाटीतच थांबला. पेंढा टाकणारे गडी मागं वळले. सगळं खळं प्रेरणाच्या तोंडाकडं बघत होतं, आणि तिला दिसत होतं ते एकच: बापाचं यंत्र, पत्र्याखाली, गंजलेलं.

"न्हाई ओ भाऊ," ती म्हणाली. हसलीसुद्धा. "ती गेली भंगारात. हिचा काय संबंध?"

सत्यम पोत्याचं तोंड धरून उभा होता. त्यानं तिच्याकडं बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"व्हय भाऊ," तो म्हणाला. "ती भंगारात गेली."

त्यानं ते पोतं चढवलं, मग बाकीची सगळी चढवली. दोऱ्या आवळल्या. जाताना चावी तिच्या हातात ठेवली, "झाली आता सवय तुम्हाला," एवढंच बोलला आणि हायवेकडं चालू लागला.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतरही नाही. फोन वाजायचा आणि बंद व्हायचा. काम तर असं धो धो यायला लागलं की विचारू नका! आबांच्या मागं सगळ्यांनी तिलाच सांगितलं. प्रेरणा पोती मोजायची आणि मध्येच विसरायची. आरशात बघायची, तर मागं नुसतं यंत्र. रात्री जेवायला बसली की भाताचा घास घशाखाली उतरायचा नाही. नव्या भाताचा घास!

शेवटी न राहवून ती सोहेलच्या गॅरेजात गेली.

"रागावलाय ना माझ्यावर?"

सोहेल हात पुसत बाहेर आला. "रागावला असता तर मी समजूत घातली असती. खळ्यावर काय झालं ते एकदा सांगितलं, त्यानंतर तो बोलतच नाही." त्यानं तिला स्टूल दिलं, स्वतः टायरवर बसला. "ताई, तुम्हाला त्यानं सगळं सांगितलं?"

"हो. त्या दिवसांत तुम्ही दोघांनी…"

"ते नाही. तो न्यायचा कसा, ते?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"आम्ही अंगभर ते कपडे घातलेले. घरचे लांब उभे. मी नुसता घाईत असायचो, उचला, निघा. हा नाही. हा आधी वाकायचा आणि म्हणायचा, 'मावशी, चला, निघायचं.' 'आबा, हात लावतो हं.' कुणी मुसलमान असलं तर मला विचारायचा, काय म्हणू? मी म्हणायचो, अरे त्यांना काय ऐकू येतंय? तर म्हणायचा, घरचं कुणी नाही बोलायला, एक शब्द तरी कानावर पडू दे. गतिरोधक आला की गाडी एवढी हळू करायचा… म्हणायचा, 'जरा धक्का बसेल हं आबा.'" सोहेलनं हातातलं फडकं पिळलं. "मयताची गाडी म्हणालं कुणी तर त्याचं त्याला काही नव्हतं, ताई. ते तो स्वतःच सांगायचा. तुम्ही भंगार म्हणालात."

प्रेरणा तिथंच तोंडावर ओढणी घेऊन रडली. तिच्या बापाला नेताना कुणी असं म्हणालं असेल का? 'आबा, धक्का बसेल हं…' कुणीतरी म्हणालं असेल. तसं कुणी म्हणालं असावं म्हणून तिनं इतकी वर्षं मनातल्या मनात देवाला हात जोडले होते. आणि जो म्हणणारा होता, त्यालाच तिनं चार लोकांत पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी नथूआबांच्या खालच्या खळ्यावर काम होतं. गाडी निम्मी भरली होती. प्रेरणानं यंत्र बंद केलं. धडधड थांबली तशी माणसं बघायला लागली.

"आबा, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "ही तीच गाडी आहे. इंदुरीची. कोरोनात हिच्यातनं सत्यमनं लोकांची मयतं नेली. ज्यांना घरचे हात लावत नव्हते, त्यांना तो 'आबा चला, मावशी चला' म्हणून न्यायचा. मला माहीत होतं. माहीत असून मी रंग मारला आणि तुमच्या हळदकुंकवाच्या पोत्यापुढं खोटं बोलले. गाडीला दोष नाही. दोष माझा आहे."

मग आबा उठले. भला माणूस होता हो तो, पण जुन्या वळणाचा. "पोरी, तू सांगितलंस ते ब्येस केलंस," ते सावकाश म्हणाले. "पर माझ्या घरात नवं भात हिच्यातनं जायचं न्हाई. उतरा रं पोती."

पोती उतरली. एकेक पोतं खाली येताना प्रेरणा बघत होती. आबांनी मळणीचे पैसे द्यायला हात पुढं केला, तिनं घेतले नाहीत. बांधावर बसलेल्या दोघा-तिघांनी, "आमचं बी ऱ्हाऊ दे मग," असं तिच्याकडं न बघताच सांगून टाकलं. हंगाम हातातून चालला होता, तिच्या डोळ्यांदेखत.

"माझी पोती भर," कुणीतरी म्हणालं.

कस्तुराबाई होती. शेजारच्या तुकड्यात एकटीनं भात लावणारी म्हातारी, पोती ती किती असणार! ती काठी टेकत आली आणि फाळक्याला हात लावून उभी राहिली.

"मावशी, ऐकलंत ना मी काय बोलले ते?"

"बहिरी न्हाई मी. मेल्याला मावशी म्हनतोय त्यो पोरगा. हितं जितेपनी कोन म्हनत न्हाई मला." तिनं पोतं ओढायला घेतलं. "बघत काय उभी ऱ्हायलीस? हात लाव की!"

कस्तुराबाईची पोती हौद्यात एका कोपऱ्यात मावली. ती घेऊन प्रेरणा म्हातारीच्या दारी गेली नाही आधी. म्हातारीलाच विचारून, ती पोती तशीच गाडीत ठेवून, ती नवलाख उंबऱ्याला गेली आणि सत्यमच्या कंपनीच्या गेटासमोर उभी राहिली. पाळी सुटली. निळ्या कपड्यातली शेकडो माणसं बाहेर पडायला लागली, आणि त्यांच्यात सत्यम होता. गाडी बघून तो थबकला. जवळ आला. हौद्यात बघितलं.

"एवढीच पोती?"

"आबांची उतरवली."

"का?"

"मी सांगितलं त्यांना. सगळ्यांपुढं."

सत्यमच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं. "काय केलंत हे? हंगाम गेला ना तुमचा!"

"निम्मा गेला. राहिलेल्यात भागवू."

"भागवू म्हणजे?"

"म्हणजे आपण." तिनं मान खाली घातली नाही. बाजूनं माणसं चालली होती, कुणी वळून बघत होतं, कुणी शीळ घालत होतं. "सत्यम, तू माझ्यासाठी खोटं बोललास, ते मला झोपू देत नाही. तुला भंगार म्हणाले मी. गाडीला नाही, तुलाच म्हणाले ते. मला माफ कर. आणि माफ करणार नसशील तरी ऐक. मला तू पाहिजेस. ह्या गाडीसकट, त्या सगळ्या माणसांसकट. माझा बाप असाच कुणाच्या तरी हातानं गेला. तो हात तुझा नव्हता, पण तुझ्यासारखा असू दे म्हणून मी रोज हात जोडते."

ज्यानं त्या सगळ्या दिवसांत डोळ्यातून पाणी काढलं नव्हतं, तो गडी कंपनीच्या गेटासमोर, पाळी सुटलेल्या गर्दीत, फाळक्यावर डोकं ठेवून रडला. प्रेरणानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. शीळ घालणारेही गप्प झाले.

"मला पण…" तो म्हणाला, आणि पुढं त्याला बोलता येईना.

"कळलं मला. चल. म्हातारी वाट बघत असेल."

कस्तुराबाईचं भात घरात पडलं. तिनं दोघांच्या हातावर गूळ ठेवला. तिथून प्रेरणाचं घर हाकेच्या अंतरावर, पण तेवढ्या वाटेत तिचा जीव टांगणीला लागला होता. गावात बातमीला पाय लागतात. रतनला कळलं असणारच. आणि होती की ती! दारात, कमरेवर हात ठेवून, उभी.

गाडी अंगणाच्या कडेला थांबली. दोघं उतरले.

"आई…"

"गप." रतनचा आवाज चिरका झाला होता. "आबांची सून येऊन सांगून गेली. साऱ्या गावाला ठावं, आनि आईला शेवटी?"

"तू म्हणाली होतीस, अशुभाची गाडी दारात…"

"म्हनले हुते. मला कुटं ठावं हुतं कुटली गाडी हाय ती!" रतन ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिचे डोळे भरले. "तुज्या बापाला उचलाया चार मानसं मिळाली न्हाईत. त्या गेटाबाहेर मी उभी हुते, तू उभी हुतीस. आनि ज्यानं दुसऱ्याच्या बापाला उचललं, त्याची गाडी मी अशुभ म्हननार व्हय? एवडीच वळखलीस मला?"

ती तरातरा आत गेली. प्रेरणा आणि सत्यम अंगणाच्या कडेला तसेच उभे. आता काय फेकून मारते की काय, असं प्रेरणाच्या मनात येऊन गेलं. रतन बाहेर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचे दोन तुकडे. तिनं गाडीपुढं येऊन एक तुकडा ओवाळला, चाकांवर पाणी घातलं आणि तुकडा लांब टाकून दिला. नव्यानं दारात येणाऱ्याची दृष्ट काढतात तशी.

सत्यम दोन पावलं मागं सरकला. "मी निघतो मग…"

"कुटं निगालास?" रतनचा दुसरा तुकडा तयारच होता. "माज्या पोरीच्या शेजारी उभा ऱ्हा."

सत्यमनं प्रेरणाकडं बघितलं. ती लाजली होती, रडत होती, आणि हसतही होती. त्याच्या पायात अजून कंपनीचे जाडजूड बूट होते. ओवाळून घ्यायचं तर ते काढायला हवेत म्हणून तो खाली बसला आणि नाड्या सोडायला लागला. गाठ काही सुटेना. रतन भाकरीचा हात वर धरून तशीच थांबली.